अमेरिकेचं महागाईचं लक्ष्य 2 टक्के, मग भारताचं 4 का? आणि टोमॅटो महागला तर रेपो दर वाढवून काय होतं?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. रेपो दराने, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या व्याजाने बँकांना कर्ज देते त्या दराने, टोमॅटो स्वस्त होत नाही, आणि रिझर्व्ह बँकेचीही तशी अपेक्षा नसते. जुलै 2023 मध्ये टोमॅटो आदल्या वर्षीच्या तिप्पट झाला, किरकोळ महागाई 7.44 टक्क्यांवर गेली, तरी हा दर ठरवणाऱ्या पतधोरण समितीने ऑगस्टमध्ये आणि ऑक्टोबरमध्येही रेपो 6.5 टक्क्यांवरून हलवला नाही. नवं पीक बाजारात आलं आणि सप्टेंबरची महागाई 5.02 टक्क्यांवर उतरली. दरवाढीचा परिणाम दिसायला काही तिमाह्या जातात. तोवर टोमॅटो रस्त्यावर ओतायची वेळ आलेली असते.

समितीला धास्ती असते ती त्यानंतरची. भाजी महागली म्हणून खानावळवाला थाळीचा दर वाढवतो, कामगार पगारवाढ मागतो. पुढे भाजी उतरते, थाळी उतरत नाही. रेपोचं काम इथे सुरू होतं: कर्ज महाग करून ही साखळी रोखायचं. त्यामुळे बातमीतल्या आकड्याबरोबर खाद्यपदार्थ आणि इंधन वगळून उरणारी गाभा महागाईही बघत जा.

आता 4 टक्के. महागाई ज्यावरून मोजतात त्या आपल्या ग्राहक निर्देशांकात (2012 हे आधारवर्ष असलेल्या) खाण्यापिण्याचा वाटा 45.86 टक्के होता. खाद्यपदार्थ 9 टक्क्यांनी महागले की एकट्या त्यांच्यामुळे महागाई 4.1 टक्के, म्हणजे लक्ष्य तिथेच संपलं. अमेरिकेच्या ग्राहक निर्देशांकात हा वाटा 13-14 टक्के, म्हणजे तीच वाढ तिथे जेमतेम सव्वा टक्का. (फेडचं, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचं, 2 टक्क्यांचं लक्ष्य तर पीसीई या ग्राहकखर्चाच्या वेगळ्याच निर्देशांकावर मोजतात.) खाण्यापिण्याचा एवढा वाटा असलेल्या आपल्या निर्देशांकावर 2 टक्क्यांचा हट्ट धरला, तर पावसाने केलेल्या महागाईची शिक्षा कारखान्यांना आणि घरकर्जदारांना द्यावी लागेल. म्हणूनच 2016 साली लक्ष्य ठरलं ते 4 टक्के, वर-खाली 2 टक्क्यांची मोकळीक ठेवून.

सरासरी महागाई सलग तीन तिमाह्या या पट्ट्याबाहेर राहिली, तर कारणं, उपाय आणि मुदत सांगणारं पत्र रिझर्व्ह बँक सरकारला देते. 2022 मध्ये ती वेळ आली. पत्र गेलं, पण जाहीर झालं नाही. ब्रिटनमध्ये असं पत्र कोणीही वाचू शकतो. आपल्या व्यवस्थेतली ही मला मोठी उणीव वाटते.

नुसतं लक्ष्य जाहीर करून मात्र भागत नाही. तुर्कस्तानचं लक्ष्य 5 टक्के होतं. सप्टेंबर 2021 पासून व्याजदर 19 वरून खाली आणत नेले आणि ऑक्टोबर 2022 मध्ये महागाई 85 टक्क्यांवर गेली.

आपल्याकडे रेपो जिथे पोचत नाही तिथे सरकार उतरतं. ऑगस्ट 2023 मध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरात थेट निर्यातबंदी. निर्देशांक सावरायला मदत झाली असेल, पण त्याची किंमत नाशिकच्या कांदा उत्पादकाने मोजली.