फंक्शनमधून दोन-तीन गोष्टी परत करायच्या असतील तर

अरे, तुझ्या हापूसच्या पेट्यांच्या हिशेबात फंक्शन फक्त रक्कम रिटर्न करतं आणि दलाली, हमाली तू ग्लोबलमध्ये, म्हणजे फंक्शनबाहेरच्या व्हेरिएबलमध्ये, टाकतोस, ते आधी काढ बघू. पायथनमध्ये रिटर्नपुढे तिन्ही स्वल्पविराम देऊन लिही, आतून एकच टपल, म्हणजे क्रमाने बांधलेला गठ्ठा, बनतो आणि कॉल करणारा तो तीन व्हेरिएबलमध्ये सोडवून घेतो.

पण क्रम उलटा झाला तर पायथन काही बोलणार नाही, कारण सगळे आकडेच, मग दलालीच्या जागी हमाली बसते आणि रत्नागिरीतला बागायतदार वाशीच्या बाजारातून आलेली हिशेबाची पट्टी घेऊन डोकं धरून बसतो. म्हणून दोनपर्यंत टपल ठीक, तिसरी गोष्ट आली की डेटाक्लास, म्हणजे प्रत्येक आकड्याला नाव असलेला छोटा क्लास, कर, पायथन 3.7 पासून आहे, नावाने वाचता येतं. जावात याच कामासाठी 16 पासून रेकॉर्ड आहेत. सीमध्ये पॉइंटर, म्हणजे व्हेरिएबलचा पत्ता, पाठवता येतो पण मला स्ट्रक्ट, म्हणजे नावं दिलेल्या व्हॅल्यूंचा गठ्ठा, परत करणंच बरं वाटतं.

गो (Go) या भाषेत तर अनेक व्हॅल्यू परत करायची सोय भाषेतच आहे, तिथे शेवटची व्हॅल्यू बहुतेक एरर असते, ती अंडरस्कोर लावून सोडून देऊ नकोस, प्लीज. आणि पाच-सहा गोष्टी परत करायची वेळ आली तर ते फंक्शनच तोड, दलालीचं वेगळं, वाहतुकीचं वेगळं.