हॅलोजन संयुगांची नावं: आकडा आधी ठरतो, अक्षर नंतर

प्रश्न थोडक्यात असा: इथेनच्या (दोन कार्बनची साखळी) एका कार्बनवर तीन फ्लुओरीन, दुसऱ्यावर ब्रोमीन, क्लोरीन आणि हायड्रोजन. तुम्ही लिहिलंत १-ब्रोमो-१-क्लोरो-२,२,२-ट्रायफ्लुओरोइथेन. उत्तरसूचीत आहे २-ब्रोमो-२-क्लोरो-१,१,१-ट्रायफ्लुओरोइथेन. वर्णक्रमात ब्रोमो पहिला, मग त्याला १ हा आकडा का नाही?

उत्तरसूची बरोबर आहे. कार्बनच्या साखळीला आकडे देणं हे एक काम, आणि उपसर्ग (ब्रोमो, क्लोरो वगैरे) कोणत्या क्रमाने लिहायचे ते ठरवणं हे दुसरं. वर्णक्रम दुसऱ्या कामासाठी आहे. पहिल्या कामात त्याला विचारायचं ते फक्त बरोबरी झाली तर.

फ्लुओरीनच्या टोकाकडून मोजलं तर आकडे येतात १,१,१,२,२. उलटीकडून १,१,२,२,२. दोन्ही याद्या चढत्या क्रमाने मांडून एकेक आकडा ताडून बघा. पहिल्या फरकाच्या जागी ज्या यादीत लहान आकडा, ती बरोबर. पहिले दोन सारखे, तिसऱ्या जागी १ विरुद्ध २. निकाल तिथेच लागला, पुढे बघायचं कारण नाही. (हे संयुग म्हणजे हॅलोथेन, १९५१ मध्ये चार्ल्स सकलिंग यांनी बनवलेलं भुलीचं औषध.)

आकड्यांची बेरीज करून लहान बेरजेचं नाव मात्र निवडू नका. क्लासमधली ही 'ट्रिक' बऱ्याचदा जमून जाते आणि म्हणूनच घात करते. दहा कार्बनच्या साखळीवर २, ७ आणि ८ या जागी क्लोरीन असतील तर उलटीकडून ते ३, ४, ९ होतात. बेरीज १७ आणि १६. बेरीजवाला दुसरं नाव निवडेल. बरोबर नाव २,७,८-ट्रायक्लोरोडेकेन, कारण पहिल्याच जागी २ हा ३ पेक्षा लहान आहे.

आता बरोबरीचं उदाहरण. पेंटेनच्या एका टोकाकडून दुसऱ्या कार्बनवर ब्रोमीन, चौथ्यावर मिथाइल (एका कार्बनची शाखा). दोन्हीकडून २,४ येतं. इथे वर्णक्रम निवाडा करतो आणि नाव होतं २-ब्रोमो-४-मिथाइलपेंटेन. असली दोन-तीन उदाहरणं सोडवली की 'हॅलोजनला (फ्लुओरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन) मिथाइलपेक्षा मान जास्त' असा समज होतो. तसं काही नाही, दोघंही साधे उपसर्गच, पंगत एकच. हेप्टेनवर दुसऱ्या जागी मिथाइल आणि पाचव्या जागी क्लोरीन असेल तर नाव ५-क्लोरो-२-मिथाइलहेप्टेन. क्लोरीनला लहान आकडा मिळावा म्हणून ३-क्लोरो-६-मिथाइल केलंत तर चूक, कारण २,५ हा संच ३,६ च्या आधी येतो.

हॅलोजनला प्रत्यय कधीच मिळत नाही. त्यामुळे ज्यांचा प्रत्यय लागतो तो क्रियात्मक गट (अल्कोहोलचा ऑल, कीटोनचा ओन वगैरे) आणि त्यानंतर दुहेरी-तिहेरी बंध आधी आकडा घेतात. अलाइल ब्रोमाइड म्हणजे ३-ब्रोमोप्रोप-१-ईन, १-ब्रोमोप्रोप-२-ईन नाही. तसंच ४-क्लोरोब्यूटॅन-२-ऑल, १-क्लोरोब्यूटॅन-३-ऑल नाही.

मराठीत विचार करणाऱ्यांसाठी एक खास खड्डा: वर्णक्रम रोमन अक्षरांचा आहे, बाराखडीचा नाही. रोमनमध्ये बी, सी, एफ, आय, म्हणून ब्रोमो, क्लोरो, फ्लुओरो, आयोडो. देवनागरीच्या सवयीने लावलं तर आयोडो, क्लोरो, फ्लुओरो, ब्रोमो असा क्रम येतो आणि नाव बिघडतं. नाव देवनागरीत लिहा, पण क्रम लावताना इंग्रजी स्पेलिंग डोळ्यांपुढे ठेवा.

डाय, ट्राय, टेट्रा (दोन, तीन, चार) हे वर्णक्रमात मोजायचे नाहीत. ट्रायफ्लुओरो लागतो एफखाली. मात्र ट्राय हा कंसातल्या गटाच्या नावाचाच भाग असेल तर मोजायचा. बेंझीनवर आयोडीन आणि त्यापासून तिसऱ्या जागी तीन फ्लुओरीनवाला मिथाइल असेल तर १-आयोडो-३-(ट्रायफ्लुओरोमिथाइल)बेंझीन, कारण इथे तुलना आय आणि टी यांची आहे. शाखांच्या नावांतले सेक आणि टर्ट मोजत नाहीत, आयसो आणि निओ मोजतात.

कंस विसरणं ही किरकोळ चूक समजू नका. (क्लोरोमिथाइल)बेंझीन म्हणजे बेंझाइल क्लोराइड. यात क्लोरीन वलयाबाहेरच्या, बाजूच्या कार्बनवर आहे. १-क्लोरो-२-मिथाइलबेंझीनमध्ये क्लोरीन थेट वलयावर आहे. अल्कोहोलमधल्या सिल्व्हर नायट्रेटबरोबर गरम केलं तर पहिल्याचा पांढरा साका येतो, दुसऱ्याचा येत नाही. कंस गेला तर वाचणाऱ्याला कोणतं संयुग ते कळणारच नाही.

जुन्या व्यापारी नावांवरून रचना काढायला जाल तर फसाल. एथिलीन डायक्लोराइडमध्ये दुहेरी बंध नाही, ते १,२-डायक्लोरोइथेन. ट्रायक्लोरोएथिलीनमध्ये मात्र आहे, ते ट्रायक्लोरोइथीन. शेतात कीटकनाशक म्हणून वापरलेली बीएचसी पावडर म्हणजे नावापुरतं बेंझीन हेक्साक्लोराइड, प्रत्यक्षात १,२,३,४,५,६-हेक्साक्लोरोसायक्लोहेक्सेन. प्रत्येक कार्बनवर एक हायड्रोजन शिल्लक आहे, वलयात दुहेरी बंध एकही नाही. हेक्साक्लोरोबेंझीन हे वेगळंच संयुग, त्यात हायड्रोजन नाहीच.

फ्रिज-एसीच्या गॅसचे आकडेही स्थानांक (कार्बनच्या जागेचे आकडे) नव्हेत. आकड्यात ९० मिळवा: आर-२२ चे होतात ११२, म्हणजे कार्बन १, हायड्रोजन १, फ्लुओरीन २, आणि उरलेल्या जागी क्लोरीन. झालं क्लोरोडायफ्लुओरोमिथेन. १३४ चे होतात २२४: कार्बन २, हायड्रोजन २, फ्लुओरीन ४. फ्लुओरीन कुठे बसलेत ते आकडा सांगत नाही, म्हणून मागे अक्षर लागतं. नुसतं आर-१३४ म्हणजे १,१,२,२-टेट्राफ्लुओरोइथेन, आणि गाडीच्या एसीत भरतात ते आर-१३४ए म्हणजे १,१,१,२-टेट्राफ्लुओरोइथेन.