सोनेरी भुंगा आणि काळा भुंगा

प्रश्न : आमच्या आगराच्या कुंपणाला लावलेल्या गिरिपुष्पाला बहर आला की, ऊन चढू लागल्यावर एक सोनेरी पिवळा भुंगा विहिरीजवळ हवेत एकाच जागी तरंगत राहतो. फुलपाखरू असो की चतुर, जवळून जाईल त्याचा तो पाठलाग करतो आणि पुन्हा जागेवर येतो. पिवळ्या पाठीचा काळा भुंगा दिसला की त्याच्यावर झडप घालतो व कधी दोघेही पानांवर कोसळतात. ही मारामारी आहे की समागम? बम्बलबीच्या राणीविषयी वाचले होते, ती हीच का? पडवीच्या बांबूंना पाडलेली भोके बुजवावीत का?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : बम्बलबी ही थंड हवेतील केसाळ मधमाशी असून भारतात ती मुख्यतः हिमालयात आढळते, कोकणात तिची अपेक्षा नको. आपण वर्णन केलेले दोन्ही भुंगे बहुधा एकाच जातीचे, झायलोकोपा वंशातील सुतार भुंगे असावेत. या वंशातील काही जातींत नर पूर्ण सोनेरी, तर मादी काळी व पाठीवर पिवळी लव असलेली असते, त्यामुळे दोन निराळ्या जाती असल्याचा समज सहज होतो.

आपल्याला दिसते ती बव्हंशी नराची प्रतीक्षा आहे. फुलांपाशी किंवा घरट्यांपाशी मादी येणारच, म्हणून नर तेथील एक टापू राखतो आणि हलणाऱ्या प्रत्येक वस्तूची जवळ जाऊन पारख करतो. एखादा लहान खडा त्याच्यापासून थोडा दूर, हलकेच वर टाकून पाहावा. तो त्याच्याही मागे धावण्याची शक्यता बरीच असते. काही जातींचे नर आपल्या टापूतील फांद्यांना गंधही लावतात, परंतु ते आपल्या नाकाला सहसा कळत नाही. झटापट दोन सोनेरी भुंग्यांत चालली असेल, तर ती टापूवरून झालेली लढत समजावी. सोनेरी भुंगा काळ्याच्या पाठीवर बसून पायांनी तिला घट्ट धरून असेल, तर तो समागम किंवा निदान त्याचा प्रयत्न होय. मात्र बहुतेक झडपा निष्फळ ठरतात, कारण परागाच्या कामात गुंतलेली मादी नराला झटकून निघून जाते. तेव्हा एका सकाळी काही दिसले नाही, म्हणून निराश होऊ नये.

राणीचा प्रश्न येथे उद्भवत नाही. बम्बलबीच्या वसाहतीत हंगामाच्या अखेरीस नव्या राण्या व नर जन्मतात, समागमानंतर नर मरतात आणि राणी जमिनीत शीतनिद्रा घेते. सुतार भुंग्यांत अशी मोठी वसाहत नसते. मादी लाकडात किंवा बांबूत स्वतः बोगदा कोरते, पराग व मकरंदाचा गोळा ठेवून त्यावर अंडे घालते आणि भुशाच्या पडद्याने कप्पा बंद करते. समागमात मिळालेले शुक्राणू ती शरीरात साठवून ठेवते. फलित अंड्यातून मादी आणि अफलित अंड्यातून नर जन्मतो, म्हणजे तो सोनेरी पहारेकरी बापाविनाच जन्मलेला असतो.

निरीक्षणासाठी ऊन पाठीशी घेऊन, थोड्या अंतरावर स्थिर बसावे. नर अंगावर आल्यासारखा वाटला तरी त्याला नांगी नसते, हे घरातील मुलांना अवश्य सांगावे. मादीला नांगी असते, पण हातात दाबल्याशिवाय ती सहसा डंख करीत नाही.

भोकांविषयी बोलायचे तर, आत भुंगे असताना ती बुजवणे हा आपल्याच परसातील वांग्यांवर केलेला अन्याय ठरेल, कारण वांग्याच्या फुलातील पराग अंगाच्या कंपनाने झाडून घेणाऱ्या माश्यांत हेही येतात. भार पेलणारा बांबू फारच पोखरला असेल, तर पिल्ले बाहेर पडून गेल्यावर तो बदलावा व नव्याला रंग किंवा व्हार्निश द्यावे. भुंग्यांना घरट्यासाठी एका बाजूचे पेर बंद असलेले जुन्या बांबूचे काही तुकडे गोठ्याच्या वळचणीला, पावसाची झड लागणार नाही असे, आडवे बांधून ठेवावेत.