इटलीला निघालीस, आता बॅग भरू

आधी रंग ठरव. नेव्ही, ऑफ-व्हाइट आणि एखादा मरून. कुठलाही टॉप कुठल्याही पँटवर चालला पाहिजे, म्हणजे निम्म्या कपड्यांत भागतं. एक मोठा स्टोल मात्र हवाच. रोमच्या सेंट पीटर्स बॅसिलिकात खांदे आणि गुडघे उघडे असतील तर आत सोडत नाहीत.

भारी डिनरसाठी नवा गाऊन शिवायला टाकू नकोस गं. येवला आपल्याच जिल्ह्यातलं, तिथली पैठणी ने! तिच्यापुढे कुठलाही गाऊन फिका. फक्त जुन्या घडीवर पुन्हा घडी नको, जरीचे धागे तिथेच तुटतात. घडी बदल, मऊ सुती कापडात गुंडाळ. परफ्यूम साडी नेसायच्या आधी अंगाला लाव. जरीवर उडालं की ती काळवंडते. ब्लाउज, परकर, पिना साडीसोबतच ठेव आणि सगळं केबिन बॅगेत घाल. मोठी बॅग उशिरा आली तरी तुझी संध्याकाळ वाया जायची नाही.

पेन्सिल हील नको, रोमच्या दगडी रस्त्यांच्या फटींत अडकते. ब्लॉक हील घे आणि जायच्या आधी गोदाघाटाच्या फरशीवर तासभर चालून बघ. चावली तर इथेच बदलून घेता येईल.