सरासरीपुढे किती आकडे लिहावेत?

प्रश्न : मी कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला असून ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी दारव्हा तालुक्यातील एका गावात राहते. ३६ कोरडवाहू शेतकऱ्यांना कपाशीचा एकरी उतारा विचारला. कॅल्क्युलेटरवर सरासरी ६.८४७२२२२ क्विंटल आली आणि प्रमाण विचलन (एकेकाचा उतारा सरासरीपासून साधारण किती दूर असतो ते) २.४ क्विंटल आले. अहवालात चार दशांश स्थळे हवीत, असे मला सांगण्यात आले आहे. शिवाय १७ जण तुरीचे आंतरपीक घेतात, ते ४७.२२२२ टक्के लिहावे का?
– एक कृषिकन्या, जि. यवतमाळ

उत्तर : उताऱ्याला एकच स्थळ पुरे, आणि ते सरासरीच्या प्रमाण त्रुटीवरून ठरवावे. प्रमाण विचलनाला ३६ च्या वर्गमुळाने, म्हणजे ६ ने, भागल्यास ती ०.४ क्विंटल येते. अर्थात त्याच भागातले दुसरे ३६ शेतकरी तुम्हाला भेटले असते, तर सरासरी सहज चाळीस किलोंनी वरखाली झाली असती. ६.८४७२ मधला शेवटचा २ म्हणजे वीस ग्रॅम, जेमतेम चार-पाच बोंडांतला कापूस. म्हणून ‘६.८ क्विंटल (प्रमाण त्रुटी ०.४)’ असे लिहावे. आणखी एक स्थळ खरोखर कमवायचे, तर त्रुटी दहापट घटली पाहिजे आणि त्यासाठी ३,६०० शेतकरी गाठावे लागतील.

‘औंदा सात-साडेसात झाला’ अशा तोंडी उत्तरांत मुळातच ढोबळपणा असतो. वेचणीची मजुरी किलोवर देतात, तेव्हा ज्या घरी रोजच्या वजनाची वही असेल तिथे ती अवश्य पाहावी. मात्र त्याने मोजमाप सुधारते, शेताशेतांतला फरक तसाच राहतो.

आकडेमोड चालू असताना मात्र एकही अंक छाटू नये, पूर्णांकन अगदी शेवटी करावे. हेक्टरी उतारा काढताना ६.८ ला नव्हे, मूळ संख्येलाच २.४७१ ने (एका हेक्टरात इतके एकर) गुणावे. उत्तर १,६९२ किलो येईल, पण त्रुटीही सुमारे १०० किलो होते, त्यामुळे १,७०० लिहिणेच योग्य. एकक बदलल्याने माहिती वाढत नाही.

टक्केवारीला तर दशांश चिन्हच नको, कारण तुमच्या नमुन्यात एक शेतकरी इकडचा तिकडे झाला तरी जवळजवळ तीन टक्क्यांचा फरक पडतो. ‘३६ पैकी १७ (४७ टक्के)’ असे लिहिल्यास ज्याला हवे तो उरलेले अंक स्वतः काढून घेईल.