नाणेघाटातला दगडी रांजण खरंच जकातीचा होता का?

नाणेघाटाच्या माथ्यावरचा रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी कोरला होता, की ही नुसती सांगोवांगी, असं तुम्ही विचारलंय. तिथल्या लेखांत जकातीचा उल्लेख नाही. रांजणाचं पोट नाण्यांनी भरायचं की पाण्याने, यावर मी पैज लावणार नाही. पण घाटात नाका असणार याबद्दल माझ्या मनात शंका नाही, कारण ती वाटच तसं सांगते.

कल्याण आणि सोपारा बंदरांत उतरलेला माल जुन्नरला, तिथून पैठणला न्यायचा तर सह्याद्री चढावाच लागे. कोकणच्या बाजूला पायथ्याशी असलेल्या वैशाखरे गावाकडून वर येणारी वाट शेवटी एका नळीत शिरते. दोन्ही बाजूंना कडे, मधून दगडी पायऱ्या. लादलेले बैल तिथून एकामागून एकच जाणार. इथे चार माणसं बसवली की तांड्याला चुकवून जायला जागाच उरत नाही. असा नाका बांधावा लागत नाही, डोंगरानेच तो दिलेला असतो.

नळीच्या तोंडाशी लेणं आहे, आणि माझ्या मते खरी चौकी हीच. एकच दालन, भिंतीलगत दगडी बाक. स्तूप नाही, भिक्खूंच्या खोल्या नाहीत. मागच्या भिंतीवर सातवाहन राजघराण्याच्या मूर्ती होत्या. आता जेमतेम पायांच्या खुणा उरल्यात, पण वरची नावं अजून वाचता येतात: सिमुक सातवाहन, देवी (म्हणजे राणी) नागणिका, श्री सातकर्णी. दमून बाकावर टेकलेल्या व्यापाऱ्याला घाट कुणाचा हे वेगळं सांगायला नको!

बाजूच्या भिंतींवर नागणिकेचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. अश्वमेध, राजसूय असे यज्ञ आणि त्यांतली दाने त्यात मोजून लिहिलीत. एका ठिकाणी 24,400 कार्षापण (तेव्हाची चांदीची नाणी)! शून्याशिवाय, म्हणजे वीस हजार, चार हजार आणि चारशे यांची चिन्हं शेजारी शेजारी मांडून. एवढं चांदीचं नाणं वाटणाऱ्या घराण्याचा हात या वाटेच्या उत्पन्नावर असणारच, असं मला वाटतं. घाटातच सोपाऱ्याच्या गोविंददासाने दिलेल्या पाण्याच्या टाक्याचाही छोटा लेख आहे. मला तो राजलेखापेक्षा जवळचा वाटतो. वाटेने जाणाऱ्याने मागून येणाऱ्याच्या तहानेची सोय केली.

मी मागे गेलो तेव्हा रांजणात प्लॅस्टिकच्या बाटल्या होत्या आणि लेण्यात खडूने नावं लिहिलेली. फार वाईट वाटलं. लेखाच्या भिंतीला हातसुद्धा लावू नका, अक्षरं झिजत चालली आहेत.

जाणार असाल तर घाटघरपर्यंत गाडीने जाऊन वरून डोकावू नका. वैशाखऱ्याकडून चढा. दोन-तीन तास लागतील, पण आधी लेणं, मग नळी, मग रांजण, याच क्रमाने बैलांबरोबर आलेल्या माणसाला हा नाका भेटायचा.