घडीच्या चाकूंमध्ये जपानी पोलादाचं एवढं कौतुक का?
कारण धार, आणि ती टिकणं. फुकुईतल्या ताकेफू कंपनीचं व्हीजी-१० हे पोलाद बघा: साधारण १ टक्का कार्बन, १५ टक्के क्रोमियम, थोडा कोबाल्ट. रॉकवेल मापावर ६० च्या आसपास कडक, सहसा गंजत नाही, धार लावायलाही सोपं. झेडडीपी-१८९ या दुसऱ्या जपानी पोलादामध्ये कार्बन ३ टक्क्यांच्या घरात, कडकपणा ६४ च्या वर. ढीगभर पुठ्ठा कापला तरी धार लवकर जात नाही, पण पातं आडवं पिळलंत तर टवका उडू शकतो.

मला सगळ्यांत आवडतं ते आओगामी सुपर, हेही जपानी पोलादच. दगडावर अशी बारीक धार चढते की कागद सर्रकन चिरत जातो. मात्र ते स्टेनलेस नाही. लिंबू कापून तसाच मिटवलात तर डाग पडलाच! पातं पुसून तेलाचा हात फिरवा. पहिलाच चाकू असेल तर व्हीजी-१० घ्या.